फॉल्टची बशी

अप्पांचं गॅरेज म्हणजे सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या घरापुढची पत्र्याची शेड. शेड आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच दार होतं आणि त्याला गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या आत ज्वारीच्या पिठाचा आणि शेंगाचटणीचा वास, बाहेर ग्रीसचा आणि डिझेलचा. पडदा हलला की दोन्ही वास एकमेकांत मिसळायचे आणि आमच्या कपड्यांना तोच मिसळलेला वास यायचा. कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मुलगी नाक मुरडायची. मुरडू दे. भौतिकशास्त्रात तिच्यापेक्षा मला जास्त मार्क पडायचे.

त्या शेडमध्ये एक रीत होती. गाडीतला फॉल्ट सापडला की अप्पा पडद्याकडे तोंड करून म्हणायचे, ‘चा टाक गं.’ आमची आई, अव्वा, एक कप बशीसकट आणायची. अप्पा निम्मा चहा बशीत ओतायचे आणि ज्यानं फॉल्ट शोधला त्याच्यापुढे ती बशी धरायचे. स्वतः उरलेला कपातला प्यायचे. त्यांनीच शोधला असेल तर बशी रिकामी राहायची. गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी त्याला वेगळा कप मिळायचा, बशी मिळायची नाही. मला ती पहिल्यांदा मिळाली तेव्हा मी सातवीत होते. एका ट्रॅक्टरच्या पुस्तकात इंग्रजीतून लिहिलेलं होतं की अमुक माप इंजिन थंड असताना घ्यायचं. अप्पा ते गरम इंजिनवर घेत होते. मी वाचून सांगितलं, अप्पांनी माप बदललं, इंजिनाची तक्रार गेली. त्या बशीतल्या चहाला थोडा ग्रीसचा वास होता. तसा चहा मी पुन्हा कुठे प्यायले नाही, आणि आता तर डॉक्टरांनी साखरच बंद केली आहे.

अप्पा कन्नड चौथी. मराठी दुकानाच्या पाट्यांवरून शिकलेले. इंग्रजीचं पुस्तक हातात आलं की ते पालथ्या ऑइलच्या डब्याकडे बोट दाखवायचे, मी त्यावर बसायची आणि ते म्हणायचे, ‘वाच नंदे.’ बी.एस्सी. झाले तेव्हा आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडच्या घराण्यांत मी पहिली पदवीधर. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, आणि आताही सांगते. अप्पांनी माझा पदवीचा फोटो घरात लावला नाही, शेडमध्ये टायरच्या मांडणीवर लावला. काचेवर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता, तो कुणी पुसला नाही.

मग गौरा आली. माझा भाऊ मल्लू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा, विजापूरच्या लाइनीवर टेंपो चालवायचा. माझं शिक्षण लांबलं म्हणून त्याचं लग्न आधी झालं, आणि अव्वा हे वाक्य येईल त्या बाईला ऐकवायची. गौरा विजापूरकडच्या इंडी गावाच्या पलीकडची. तिचे वडील रस्त्याकडेला ट्रक दुरुस्त करायचे. शिक्षण कन्नड सातवी. बुटकी, सावळी, तळहात पुरुषासारखे रुंद. आल्यावर पहिले काही आठवडे ती पडद्याच्या आत होती. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी करायची, भाकरी इतक्या पातळ आणि कडक करायची की अव्वासुद्धा गप्प झाली. तोवर माझं तिच्याशी काही वाकडं नव्हतं.

आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूम, चादरींचे विजेवरचे माग. दिवसभर खटखटाट, इतका की आम्ही घरात ओरडूनच बोलायचो आणि पाहुण्यांना वाटायचं, हे लोक भांडतात. या आवाजात इंजिन ऐकू येणं शक्य नव्हतं. म्हणून अप्पा गाडी ऐकायचं काम वीज जाईपर्यंत राखून ठेवायचे. आठवड्यातून एक दिवस भारनियमन असायचं. लूम एकाएकी थांबायचे, गल्लीत कावळेसुद्धा ऐकू यायचे, आणि अप्पा घाईनं ओळीनं तीन-चार गाड्या चालू करून कान लावायचे. अशाच एका दिवशी गौरा त्यांचा डबा द्यायला पडद्याबाहेर गेली आणि परत आलीच नाही. मी फटीतून पाहिलं. तिनं लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं होतं, मूठ कानामागच्या हाडाला लावली होती आणि डोळे मिटले होते. म्हणाली, ‘मामा, तिसऱ्या सिलिंडरात हाय.’ अप्पांनी उघडून पाहिलं. तिसऱ्यातच होतं.

अव्वानं कप नेला. बशी गौराकडे गेली. ती डोक्यावरचा पदर दातात धरून, पाठ फिरवून प्यायली. मी आत तांदूळ निवडत होते. त्या दिवशी भातात खडे राहिले आणि सगळ्यांनी मला बोल लावला.

तिथून पुढे मोजत बसायची सवयच लागली मला. कुणाला किती बश्या. अप्पा तिला गौरव्वा म्हणायला लागले. अव्वा म्हणजे आई. नावाला ते जोडलं की माया आणि मान दोन्ही आले. मला कधी ते नंदव्वा म्हणाले नाहीत. मी नंदेच. शिकवण्या करून घरी यायची तर शेडमध्ये दोघं बोनेटवर वाकलेले, कन्नडात बोलणं चाललेलं, मध्येच अप्पा हसलेले. अप्पा हसले की त्यांचे खांदे हलायचे. हे खांदे मी हलवायची एके काळी. जळजळ म्हणतात ती खरोखर पोटात होते, छातीच्या खाली. मी ती ओव्याची फक्की घेऊन घालवायचा प्रयत्न करायची, आणि अव्वाला वाटायचं मला भाकरी पचत नाही.

अशात डॉक्टरांची गाडी आली. डॉक्टर आमच्या ओळखीचे. त्यांच्या मेहुण्यानं आखातातून आणलेली लांब, पांढरी, परदेशी गाडी त्यांनी घेतली होती. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. पेठेत अशी गाडी कुणी आतून पाहिलेली नव्हती. शेजारचे मागवाले लूम सोडून बघायला आले. तक्रार अशी की गिअर वेळेवर बदलत नाही. इंजिन ओरडत राहतं, आणि मग इतका जोराचा हिसका बसतो की मागच्या पेशंटची मान दुखते, असं डॉक्टर म्हणाले. आधी नुसती चढावर दमायची म्हणून पुण्यात दाखवली होती. तिथे एकानं काहीतरी तार घट्ट-सैल केली, तेव्हापासून हा हिसका सुरू झाला, मग गिअरबॉक्स उघडावा लागेल म्हणाले. डॉक्टरांनी अप्पांना विचारलं, तुम्हाला जमेल का. अप्पांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कारण गाडीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं.

मला वाटलं, आता माझे दिवस आले. पेचकस कानाला लावून हा बॉक्स कळणारा नव्हता. तीन दिवस मी डब्यावर बसून वाचलं आणि अप्पांना माझ्या शब्दांत सांगितलं. या बॉक्सच्या पोटात तेल दाबानं फिरतं आणि त्या दाबानं आतल्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात. पण पाय किती जोरात दाबलाय हे बॉक्सला कसं कळणार? तर कार्ब्युरेटरपासून एक बारीक केबल बॉक्सात जाते. अ‍ॅक्सिलेटर दाबला की कार्ब्युरेटरची पाकळी उघडते, त्याबरोबर केबल ओढली जाते, आत एक छोटा वॉल्व्ह सरकतो आणि तेलाचा दाब वाढतो. त्याचं नाव थ्रॉटल वॉल्व्ह. केबल जास्त ताणलेली असेल तर बॉक्सला वाटतं, पाय जोरात आहे, चढ आहे. मग तो गिअर धरून बसतो आणि उशिरा, दणका देऊन बदलतो. सैल असेल तर उलटं. गिअर लवकर आणि लोण्यासारखे बदलतात, चालवणारा खूश होतो, आणि दाब कमी पडून आत प्लेटा घसरून जळत राहतात. अप्पा म्हणाले, ‘म्हंजे गोड चालली तर जास्त भ्यायचं.’ गौरा पडद्याशी उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडे न बघता सांगत होते, पण जरा मोठ्यानं.

दाब मोजायला गेज हवं. अप्पांनी सुताला खळ लावायच्या, सायझिंगच्या कारखान्यातून बॉयलरचं जुनं गेज आणलं, बॉक्सच्या बाजूचा बोल्ट काढून त्या भोकात नळी बसवली. चाकांना दगड लावले. गाडी चालू केली तर पायही लावायच्या आधी काटा पुस्तकातल्या आकड्याच्या बराच वर. मी म्हटलं, केबल ताणलेली आहे. पुस्तकात तपासणी दिली होती: पेडल पूर्ण दाबायचं, तेव्हा केबलवरची खूण तिच्या रबरी टोपीच्या कडेला आली पाहिजे. मी इंजिन बंद करून बोनेटमध्ये वाकले आणि पेडल दाबायला गौराला बसवलं. ती चप्पल काढून बसली. गाडीत बसताना चप्पल काढणारी आमच्याकडे ती एकटीच होती. तिनं दाबलं. खूण बरोबर टोपीच्या कडेला आली. केसभरही इकडेतिकडे नाही.

मी सरळ उभी राहिले आणि पदवीधर माणसाच्या आवाजात सांगितलं की केबल बरोबर आहे, म्हणजे वॉल्व्ह आत अडकलाय, बॉक्स उघडावा लागेल. गौरा सीटवरूनच म्हणाली, ‘मामा, पेडल तळाला मऊ लागतंय. लोखंडाला लोखंड टेकलं की कडक लागतंय की.’ अप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ‘मऊ-कडक असं पुस्तकात काही नसतं. तिथे मिलिमीटर असतात.’ नवी सून नणंदेशी वाद घालत नाही. ती उतरली, चप्पल घातली आणि भाकरी टाकायला आत गेली. अप्पांनी पुस्तकाची बाजू घेतली. लिहिलेल्याचा त्यांना फार धाक होता. पण त्यांचा चेहरा पडला होता. असा बॉक्स त्यांनी जन्मात उघडला नव्हता. आत बारीक गोळ्या, स्प्रिंगा. एक कमी-जास्त झाली तर सोलापुरात कुणी तो परत जुळवून दिला नसता. डॉक्टरांची गाडी मोडली असं एकदा गावात झालं असतं तर अप्पांकडे सायकलसुद्धा कुणी आणली नसती. तरी ते म्हणाले, जेवण करून पडतो जरा, मग तेल उतरवू.

अप्पा झोपले. मी पुस्तक घेऊन बसले. खरं कारण सांगते: ‘मऊ’ असा शब्द त्यात कुठेही नाही, हे मला गौराला दाखवायचं होतं. केबलच्या तपासणीचं पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. पहिली ओळ मी तीन दिवसांत एकदाही वाचून दाखवली नव्हती, कारण ती मला बाळबोध वाटली होती. लिहिलं होतं की पेडल पूर्ण दाबल्यावर कार्ब्युरेटरची पाकळी पूर्ण उघडते की नाही ते आधी पाहा, मगच केबलकडे वळा.

मी उठले. जाड वीट आणून पेडलवर ठेवली, तिच्यावर आणखी एक दाबून बसवली, आणि बोनेटमध्ये पाहिलं. पाकळी पाऊणच उघडली होती. विटा काढल्या, पेडलखालची रबरी मॅट उचलली. खाली चादर होती. आपली सोलापुरी चादर, जांभळी, मोरांची, चार घड्या घालून नीट बसवलेली. या गाडीचा तळ तापतो, म्हणून डॉक्टरांच्या बाईंनी घातली असणार. आमच्या गावात कुठल्याही गोष्टीवर उपाय म्हणून आधी चादरच सुचते. पेडल त्या चादरीवर टेकत होतं. पुण्याच्या माणसानं तेच पूर्ण दाबलेलं समजून केबल ओढून खुणेला आणली होती, आणि त्या सकाळी मीही तेच समजले होते.

चादर हातात घेऊन मी उभी राहिले. लूम चालू होते, आत मल्लूच्या डब्यासाठी भाकरी थापल्याचा आवाज त्यातूनही येत होता, कारण गौराचा हात जड होता. म्हणायचे चार शब्द होते: गौरा बरोबर म्हणत होती. मी ते मनात जुळवून पाहिले. मग दुसरं जुळवून पाहिलं: ओळ पुस्तकात होती, पुस्तक मी वाचलं, चादर मी उचलली. हिशेबाला कुठे खोट नव्हती. परत वाचायला मला कुणी बसवलं, एवढंच त्यात नव्हतं.

मी अप्पांना उठवलं. म्हटलं, ‘अप्पा, सापडलं.’

‘कुटं?’

‘पुस्तकात.’

चादर काढून पेडल दाबलं तेव्हा पाकळी पूर्ण उघडली, पण आता खूण टोपीच्या फार पुढे आली. अप्पांनी केबल सैल करत करत खूण कडेला आणली. गाडी चालू केली तेव्हा गेजचा काटा खाली येऊन आकड्यावर बसला. पाय दिला की चढला, सोडला की उतरला. अप्पांनी होटगी रस्त्यापर्यंत गाडी नेली. मी शेजारी होते. दुसरा गिअर कधी पडला ते कळलंसुद्धा नाही. दाब बघूनच निघालो होतो, म्हणून त्या गोडपणाला भ्यायचं कारण नव्हतं. अप्पांचे खांदे हलले. परत येताना दर ओळखीच्या माणसापाशी गाडी हळू करून ते सांगत होते, ‘नंदानं काढला फॉल्ट. पुण्यात न्हाय सापडला त्यास्नी.’

घरी आल्यावर हाक गेली, चा टाक गं. अव्वा मठात गेली होती. कप गौरानं आणला. चादर बोनेटवर घडी घालून ठेवलेली होती. तिनं चादरीकडे पाहिलं, उघड्या पेडलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अप्पांनी बशी भरून माझ्या हातात दिली. गौरा उभी होती. मी प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत. चहा चांगला झाला होता, तिनंच केला होता.

संध्याकाळी डॉक्टर गाडी न्यायला आले आणि अप्पांना म्हणाले, शिक्षणाचा असा उपयोग होतो बघा. हे वाक्य ऐकायला मी पंधरा वर्षं शाळा-कॉलेज केलं होतं. ते ऐकताना मी पडद्याकडे पाठ करून उभी होते.

नंतर चुलीपाशी आम्ही दोघीच. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘अक्का, पुस्तकात मऊ असं लिवलंय का?’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘मग काय लिवलंय?’

मी ती पहिली ओळ सांगितली. तिनं भाकरी आरावर टेकवली. म्हणाली, ‘म्हंजे पुस्तकालाबी ठावं हुतं.’ मला वाटलं, आता रडेल नाहीतर अप्पांना सांगेन म्हणेल. दोन्हीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. ती म्हणाली, ‘मामांना मी काय सांगत न्हाय. तुमी मला ते पुस्तक वाचायला शिकवा की.’

तिचे हात होते, कान होते, पाय होता. माझ्याकडे एक पुस्तक होतं, आणि तेच ती मागत होती. नाही म्हणायला तोंड नव्हतं म्हणून हो म्हटलं, आणि लबाडी केली. शिकवणीतल्या पोरांचं पहिलीचं इंग्रजी पुस्तक आणलं. चित्रांचं. सफरचंद, चेंडू, मांजर. दोन महिने मी तिला मांजराच्या पुढे जाऊ दिलं नाही. एकदा तिनं ते पुस्तक मिटून म्हटलं, ‘अक्का, सफरचंद आपल्या गॅरेजात कवा आलंय?’ आणि डॉक्टरांचं जाड पुस्तक काढून समोर ठेवलं. दुसऱ्या वेळेस लागलं तर म्हणून अप्पांनी ते मागून ठेवून घेतलं होतं. पहिला शब्द तिनं थ्रॉटल वाचला. चित्रावर बोट ठेवून, घाम पुसत.

हे मी आता लिहिते आहे ते गौराला वाचून दाखवायची गरज पडणार नाही. इंग्रजीमागून ती मराठीही वाचायला शिकली; तिचं ती वाचेल, आणि कुठे चुकलं तेही सांगेल. आज तिचा मुलगा शेडमध्ये लॅपटॉप लावून गाडीचा फॉल्ट पडद्यावर बघतो. केबलच नसते आता. तरी खात्री नसली की तो आत बघून ‘अम्मा’ म्हणून हाक मारतो.

डॉक्टरांची गाडी आली त्या वर्षाअखेर मला सांगोल्याला शाळेत नोकरी लागली. खोली घेऊन राहिले. सुट्टीला घरी यायची, पण शाळेतली कामं काढून तेही कमी करत गेले. एका रविवारी पहाटेच्या एसटीनं निघाले आणि पेठेत पोचले तर लूम बंद, वीज गेलेली. मागच्या दारानं घरात शिरले. पडद्यापलीकडून आवाज येत होता. फटीतून पाहिलं. ऑइलच्या डब्यावर गौरा बसली होती. मांडीवर कुठल्यातरी गाडीचं पुस्तक, ओळीखाली काळं बोट. एक एक शब्द अडखळत इंग्रजीत वाचत होती आणि ओळ संपली की अप्पांना कन्नडात सांगत होती. मी त्यांना आयुष्यभर मराठीत सांगितलं होतं. मी सांगितलेलं ते मान हलवून दोनदा विचारायचे. तिला एकदाही परत विचारलं नाही.

फॉल्ट सापडला. हाक गेली, कप आला, अप्पांनी बशी भरून तिच्यापुढे धरली. ती घेताना तिला पडद्याखाली माझे पाय दिसले असावेत. तिनं पडदा बाजूला केला आणि भरलेली बशी माझ्यापुढे धरली. ‘अक्का, घ्या. वाचायला तुमीच शिकवलं.’ अप्पा माझ्याकडे बघून हसले, खांदे हलवून.

मी म्हटलं, ‘नको. आत्ताच पिऊन आले.’ पहाटेपासून माझ्या पोटात पाण्याचा घोट नव्हता.

तिनं थोडा वेळ बशी तशीच धरून ठेवली. मग एका दमात संपवली, डब्यावर बसली आणि पुढची ओळ वाचायला घेतली.